चौकटीची डावी कड

रेघ राखाडी होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर जाणारी, लांबीला बोटाच्या पेराएवढी, जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर. पहिल्या फोटोत ती वाळकी काडी म्हणून खपून गेली असती. दुसऱ्या फोटोत काड्या नव्हत्या, नुसतं तळं होतं; तरी रेघ होतीच, आणि त्याच कोनात. धाकटीने चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी धरला, खाली ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेले त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोटो ओळीने तपासले. सतरा फोटोंत रेघ सापडली.

"मोजून झाले?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. "का तळ्यातलं पाणी मोजायचं राहिलंय अजून?"

"सतरा," धाकटी म्हणाली.

"सतरा काय?"

"सतरा फोटोंत ट्रायपॉडचा पाय आलाय."

दादा खिडकीपाशी बसून कॅमेऱ्याची बॅग आवरत होता. त्याने मान वर केली नाही. "पाय नाही गं तो. लेन्सचे कोपरे गेलेत. बारा वर्षं वापरली, माणसासारखं काचेलाही म्हातारपण येतंच की."

काचेला म्हातारपण येतं, हे खरं. तिला बुरशी धरते, तिच्यावरचा लेप उडतो, फोटो कडेला फिके पडतात. पण काच कितीही म्हातारी झाली तरी तिच्यातून ट्रायपॉडचा पाय उगवत नाही.

दादा डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचा. एका छापखान्याच्या कॅलेंडरसाठी गेली तीस वर्षं तो बारा महिन्यांची बारा चित्रं देत आला होता, आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक नवशिक्याला त्याने एकच मंत्र दिला होता: आधी चार कोपरे, मग डोंगर. रुंद लेन्स आधाशी असते, ती समोरच्या डोंगराबरोबर तुमच्याच ट्रायपॉडचा पाय, बॅगेचा पट्टा, सावली, सगळं गिळते. म्हणून बटण दाबण्याआधी चौकटीच्या कडांवरून नजर फिरवायची. या वर्षी छापखान्याने फोटो परत पाठवले होते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "कोपऱ्यात काय येतंय ते कृपया पाहावे. बाकी उत्तम." त्यातलं 'बाकी उत्तम' दादाने वहिनीला तीन वेळा वाचून दाखवलं होतं. आधीचं वाक्य एकदाही नाही.

आता सोमवारी सकाळी तो गाडी घेऊन आठ दिवसांसाठी डोंगरात निघणार होता, फोटो नव्याने काढायला. एरवी वहिनी बरोबर असायची. या वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, त्यामुळे दादा एकटाच जाणार होता. त्याआधी नवी लेन्स घ्यायची होती, आणि कुठली घ्यायची ते त्याच्या मनात पक्कं होतं: चौदा मिलिमीटर, दुकानात मिळेल त्यातली सगळ्यात रुंद; लेन्सचा आकडा जितका लहान, तितकं तिच्यात जास्त मावतं.

"उद्या चल माझ्याबरोबर दुकानात," तो धाकटीला म्हणाला. "काचेचं तुला कळतं. आणि फूटपट्टी बरोबर असली की दुकानदार जरा सरळ बोलतो."

फूटपट्टी म्हणजे धाकटीच. नऊ वर्षांची असताना तिने दोघा भावंडांच्या वाटणीची बर्फी पट्टीने मोजून कापली होती, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते पंचावन्नाव्या वर्षापर्यंत. तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली, पुढे डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरी धरली, आणि गेली चोवीस वर्षं ती तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत लोकांची नजर मोजत होती. किती बारीक दिसतं ते नव्हे. किती रुंद दिसतं ते.

त्या खोलीत एक यंत्र आहे. पांढऱ्या वाडग्यासारखं, आडवं ठेवलेलं. रोगी हनुवटी टेकवून वाडग्यात बघतो. मधोमध एक पिवळा ठिपका असतो, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. मग वाडग्यात कुठेतरी, कधी वर, कधी कडेला, बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदू झालेल्या माणसाला मधलं सगळं लख्ख दिसतं, वर्तमानपत्र वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो. फक्त कडा हळूहळू जातात, आणि त्या गेल्याचं त्याला कळत नाही, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे दिसत नसतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं, वेळेवर सुरू केले तर.

सोळा महिन्यांपूर्वी दादा चष्म्याचा नंबर काढायला हॉस्पिटलात आला होता. डोळ्यातला दाब थोडा जास्त निघाला म्हणून डॉक्टरांनी वाडग्याची चाचणी लिहून दिली. त्याचा डावा डोळा लहानपणी चेंडू लागल्यापासून अधू होता, म्हणजे प्रश्न एका उजव्या डोळ्याचाच होता. नात्यातल्या माणसाची चाचणी स्वतः घेऊ नये, असा त्या खोलीचा अलिखित नियम. पण सोबतची मुलगी रजेवर होती, आणि दादा म्हणाला, "बाहेरच्या कुणाकडे कशाला, घरची वैद्य असताना?" धाकटीने चाचणी घेतली. शिवाय तो घाबरू नये म्हणून आधी नीट समजावून सांगितलं: साधारण दीड सेकंदाला एक दिवा येतो, सावकाश चालतं, घाई करू नकोस.

तिथेच चूक झाली. तीस वर्षं शटर दाबत आलेल्या माणसाच्या अंगठ्याला तिने ठेका शिकवला. दादाने दीड-दीड सेकंदाला बटण दाबलं, दिवा असो वा नसो. शेवटी कागद बाहेर आला तो जवळजवळ निर्मळ. प्रत्येक निरोगी डोळ्यात एक जागा अशी असते की तिथे जगात कुणालाच काही दिसत नाही. मज्जातंतू तिथून बाहेर पडतो, त्यामुळे तिथे पडदाच नसतो. दादाने त्या जागेतलेही दिवे पाहिले होते. कागदाच्या खाली यंत्राने छापलं होतं: भरवसा नाही.

अशी चाचणी पंधरा दिवसांत पुन्हा घ्यायची असते. धाकटीने नोंदीत 'पुन्हा' असं लिहिलं. पुढचा तारखेचा रकाना रिकामा सोडला, दादाला विचारून भरू म्हणून. मग दादा डोंगरात गेला. मग छापखान्याचं काम आलं. मग वहिनीचा गुडघा. दर वेळी कारण खरं होतं, आणि दर वेळी ते पुरेसं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा रकाना असा रिकामा राहिला असता तर तिने तिसऱ्या दिवशी फोन केला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो काही दिव्याला दिसत नाही.

आज मात्र टेबलावर सतरा रेघा होत्या. सगळ्या डाव्या कोपऱ्यात.

*

शनिवारी सकाळी तिघं निघाली. दादा गाडी चालवायला, धाकटी त्याच्या शेजारी, वहिनी मागच्या सीटवर पाय लांब करून. धाकटीला गाडी येत होती, पण ती चाळिसाच्या वर कधी जात नसे, आणि दादाच्या मते असं चालवण्यापेक्षा ढकलत नेणं बरं.

लेन्सचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, लांब आणि अरुंद. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, एका टोकाला काउंटर, त्यावर हिरवी मखमल. दुकानदार दादाचा जुना ओळखीचा, पोट सुटलेला, बोटं मात्र बायकांसारखी नाजूक. लेन्स उचलताना तो नवजात बाळाची मान धरावी तशी धरायचा.

"चौदा?" तो दादाला म्हणाला. "साहेब, तुम्ही मला पस्तीस घेऊन भेटलात. मग अठ्ठावीस नेली, मग चोवीस, मग वीस. आता चौदा. पुढच्या वर्षी काय, पाठीमागचंही येईल अशी मागणार?"

"डोंगर मावत नाही रे चौकटीत," दादा म्हणाला.

"डोंगर वाढला का?"

"मी काय सांगू! पूर्वी मावायचा."

धाकटीने कपाटातल्या लेन्सवरून नजर हलवली नाही, पण तिचे कान तिथेच होते. हॉस्पिटलात कडा गेलेल्या रोग्यांना एक छोटी नळी देतात, उलटी धरलेली दुर्बीणच ती. तिच्यातून सगळं लहान दिसतं, त्यामुळे मधल्या उरलेल्या खिडकीत जास्त जग मावतं. पस्तीस, अठ्ठावीस, चोवीस, वीस, चौदा. दादा न सांगता, न कळता, स्वतःसाठी तीच नळी विकत घेत आला होता.

"माझं ऐकाल तर," दुकानदार म्हणाला, "चौदाने डोंगर काढायला गेलात तर डोंगराचं वारूळ होतं. पुढे पायाशी एखादा दगड, ओढा, फुलं असं काही भरीव असेल तरच ती लेन्स शोभते. नाहीतर अर्धं आभाळ, अर्धी जमीन, आणि मध्ये मुंगीएवढा डोंगर. कडेची झाडं आडवी ताणली जातात ती वेगळीच. चोवीस घ्या. सरळ रेघ सरळ येते, कोपऱ्यापर्यंत चित्र पुसट होत नाही."

"मी चोवीस वापरलेली आहे," दादा म्हणाला. "मला शिकवू नकोस."

"शिकवतोय कुठे? विकतोय."

शेवटी धाकटी बोलली. "तीन लेन्स दोन-तीन तासांसाठी देता का? चौदा, अठरा आणि चोवीस. बाहेर नेऊन मोजून बघते."

दुकानदाराने दादाकडे बघितलं. दादा हसला. "म्हटलं होतं ना, फूटपट्टी आणलीय बरोबर."

*

पाण्याचा साठा शहराबाहेर, गाडीने वीस मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत धाकटीने एक गोष्ट मोजली.

"सायकल," मागून वहिनी म्हणाली. दादाने गाडी किंचित उजवीकडे घेतली.

"टेम्पो उभा आहे." गाडी पुन्हा उजवीकडे.

"पोरं आहेत रे, शाळेची." गाडी हळू झाली.

मध्येच वहिनी शेजारणीच्या सुनेबद्दल सांगायची, गुडघ्याच्या व्यायामाबद्दल सांगायची, आणि त्याच सुरात, वाक्य न मोडता, "कुत्रं" म्हणायची. साठ्यापर्यंत अकरा वेळा झालं. अकराही गोष्टी डाव्या बाजूच्या होत्या. अकराही वेळा आधी शब्द आला आणि मग दादाचा हात हलला. सातव्या वेळी, सायकलवाल्याच्या कोपरापासून आरसा वीतभर अंतरावर असताना, धाकटीचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

बांधावर पोचल्यावर दादा सामान घेऊन पुढे गेला. धाकटी वहिनीला हात देऊन उतरवत होती.

"वहिनी, हे कधीपासून करतेस?"

"काय?"

"सायकल, टेम्पो, कुत्रं."

"ते होय!" वहिनी हसली. "मागच्या हिवाळ्यात याने फाटकाला आरसा घासला ना, तेव्हापासून. लक्ष नसतं गं त्याचं, सगळं लक्ष डोंगरात. आता जिभेला वळणच पडलंय. परवा घरात म्हणाले, दार उघडं आहे, तर म्हणतो कसा, मी काय गाडी चालवतोय?" ती काठीवर रेलून जरा थांबली. "आता आठ दिवस मी नाही, तर म्हटलं, माझा आवाज रेकॉर्ड करून देते, लावून ठेव गाडीत. सायकल, टेम्पो, कुत्रं. कुठेतरी एखादं तरी बरोबर पडेलच."

या वेळी ती एकटीच हसली, आणि तेही अर्धवट. धाकटीला कळलं की वहिनीला हे माहीत होतं; फक्त त्याला तिने नाव दिलं नव्हतं. नाव देणं हे धाकटीचं काम होतं, आणि तिला त्याचा पगार मिळत होता.

दादाने ट्रायपॉड उभा केला. समोर बांध, बांधाच्या कडेने एक सपाट पायवाट, तिच्यापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे झाडांची ओळ आणि मागे निळसर टेकड्या. धाकटीने कॅमेऱ्यापासून पायवाटेपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. दहा मीटर.

"हे बघ," ती म्हणाली. "तीनही लेन्स याच जागेवरून, याच उंचीवर. तू व्ह्यूफाइंडरमधून समोरच्या त्या एकट्या झाडावर नजर ठेव, हलवू नकोस. मी पायवाटेने डावीकडून चालत येते. चौकटीत शिरले की लगेच बटण दाब. मग उजवीकडून येते, पुन्हा तेच."

"कशाला एवढं?"

"डब्यावर लिहिलेली रुंदी आणि खरी रुंदी, यात फरक असू शकतो."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

"तुझ्या त्या वाडग्यासारखंच झालं की हे," दादा म्हणाला आणि उजवा डोळा कॅमेऱ्याला लावला.

वाडग्यासारखंच होतं, एक फरक सोडून. इथे ठेका नव्हता. ती कधी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ती एकदाच येणार होती.

तिने वहिनीचा लाल स्वेटर अंगात घातला. चौदाची लेन्स लावल्यावर तिने आधीच डोकावून पाहून ठेवलं होतं: चौकटीची डावी कड एका पांढऱ्या दगडावर येत होती. दगडाच्या बरीच अलीकडे ती थांबली, मनात वाटेल तेवढे आकडे मोजले आणि चालू लागली. एका सेकंदाला एक पाऊल. दगड आला. दगड मागे पडला. एक, दोन, तीन. आता ती नखशिखांत चौकटीत होती, लाल भडक, दहा मीटरवर. चार, पाच, सहा. पाण्यावरून वारा येत होता. सात, आठ. तिने मान वळवली नाही. नऊ, दहा, अकरा.

बाराव्या पावलाला शटर वाजलं.

"आलीस!" दादा ओरडला. "झकास. उजवीकडून ये आता."

उजवीकडून ती पहिलं पाऊल टाकते न टाकते तोच शटर वाजलं.

अठराच्या लेन्सला नऊ पावलं. चोवीसला सात. उजवीकडून दर वेळी एकच.

"बघ," दादा खुशीत म्हणाला, "चौदात तुला बारा पावलं चालावं लागलं. केवढी रुंद आहे!"

मग धाकटीने घडीची खुर्ची मांडून वहिनीला कॅमेऱ्यामागे बसवलं. वहिनी कुरकुरली. तिने जन्मात या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, लावू दिलाच नव्हता कुणी. पण तिन्ही लेन्समधून, दोन्ही बाजूंनी, तिने धाकटीला कडेवरच पकडलं.

"नाकाचा शेंडा दिसला की दाबते," ती म्हणाली. "नाक तुमच्या घराण्याचं, ते काय आधीच पोचतं सगळीकडे."

*

दुकान दोनला बंद व्हायचं. ते पोचले तेव्हा दीड वाजत आला होता. परतीच्या वाटेवर वहिनी नऊ वेळा बोलली होती. चालत्या गाडीत, चालवणाऱ्या माणसाला हे सांगू नये, असं धाकटीने स्वतःला पटवलं. हेही कारण खरं होतं. आधीची सगळी होती तशीच.

"काय म्हणतं तुमचं शास्त्र?" दुकानदाराने फोटो मोठ्या पडद्यावर लावले. धाकटीच्या सांगण्यावरून प्रत्येक फोटोच्या रुंदीचे शंभर भाग पाडणाऱ्या बारीक उभ्या रेषा त्याने वर टाकल्या. दादाने काढलेले डावीकडचे तीन फोटो एकाखाली एक आले. लाल स्वेटर, लाल स्वेटर, लाल स्वेटर.

दुकानदार पुढे झुकला.

"अरे, गंमतच आहे. लेन्स तीन आणि ताई तिन्हीत एकाच रेषेवर. एकतीस, एकतीस, बत्तीस. ठरवून उभ्या राहिलात काय?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"आणि हे वहिनींचे. तीन, चार, तीन. पार कडेला." तो पडद्यावरून दादाकडे आणि दादावरून पुन्हा पडद्याकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, त्याचं काय करावं हे त्याला कळेना.

दादा पडद्याजवळ सरकला. फोटोंकडे तो बराच वेळ बघत होता, छापखान्याच्या प्रती तपासायचा तसा. मग म्हणाला, "हात जड झालाय माझा. वय झालं. दिसतं आधी, दाबलं जातं उशिरा."

"उजवीकडूनही मग उशीर झाला असता," धाकटी म्हणाली. तिचा आवाज हॉस्पिटलातला होता, सपाट आणि हळू. "उजवीकडून तू वहिनीइतक्याच वेळात दाबलंस. आणि हात जड असता तर डावीकडून तिन्ही वेळा पावलं सारखीच झाली असती. पावलं बदलली. जागा बदलली नाही. लेन्स बदलली तरी चौकटीतली जागा तीच राहते, म्हणजे दोष लेन्सच्या अलीकडे आहे."

"लेन्सच्या अलीकडे कॅमेरा आहे."

"कॅमेऱ्याच्या अलीकडे."

दुकानदाराने खिशातून मऊ कापड काढलं आणि स्वच्छच असलेली चौदाची लेन्स पुसायला घेतली.

"पण मी पास झालो होतो की तुझ्या त्या परीक्षेत," दादा म्हणाला.

"झाला नव्हतास. तू ठेक्यावर बटण दाबलंस. ठेका मीच सांगितला होता. यंत्राने लिहून दिलं होतं की चाचणी भरवशाची नाही. पंधरा दिवसांत पुन्हा घ्यायला हवी होती. मी तारीख टाकली नाही."

"मला बोलली नाहीस."

"नाही."

"किती दिवस झाले?"

"सोळा महिने."

दादाने अंगठ्याने काउंटरच्या मखमलीची लव एका दिशेने बसवली, मग उलट्या दिशेने. सोळा महिन्यांत तो किती वेळा डोंगरात गेला होता ते तिघांनाही ठाऊक होतं. पाच वेळा.

"का?" त्याने विचारलं.

धाकटीने खरंच विचार केला. "तू फोटो दाखवायचास," ती म्हणाली. "चांगले असायचे."

"बाकी उत्तम," वहिनी म्हणाली. ती दारापाशी स्टुलावर बसली होती, काठी मांडीवर आडवी घेऊन. "आणि मी आपली मागे बसून सायकली मोजतेय. बाई गं! दोघी मिळून एका माणसाला सांभाळत होतो आणि त्याला पत्ताच नाही."

"पत्ता असता तर काय केलं असतं मी?" दादा तिच्यावर उखडला. "घरात बसलो असतो? भिंतींचे फोटो काढले असते?" मग तो दुकानदाराकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "चौदाची दे. तिच्यात सगळं मावतं. मधल्यात का होईना, दिसतं मला. सोमवारी निघायचंय, बांध."

दुकानदाराचं कापड थांबलं. त्याने दादाकडे पाहिलं नाही. धाकटीकडे पाहिलं. "ताई?"

त्या सोमवारचा रस्ता धाकटीने पाहिलेला होता. एका बाजूला डोंगराचा कातळ, दुसऱ्या बाजूला उतार, आणि वळणावळणावर डोक्यावर ओझं घेऊन कडेकडेने चालणारी माणसं. ती माणसं चौकटीच्या डावीकडच्या एकतीस भागांत असणार होती. 'सायकल' म्हणावं तसं 'माणूस' म्हणायला मागे कुणी नसणार होतं. आणि जो डोळा थेंबांनी राखता आला असता, त्याचे सोळा महिने तिने बर्फीसारखे वाटून टाकले होते, थोडे त्याच्या कामाला, थोडे वहिनीच्या गुडघ्याला, उरलेले स्वतःच्या भित्रेपणाला.

"चोवीसची बांधा," ती दुकानदाराला म्हणाली. "तिचे कोपरे तिन्हींत सरस आहेत, आणि हा फोटो काढायचं सोडणार नाही." मग ती दादाकडे वळली. मधोमध उभी राहिली, त्याला नीट दिसेल अशी.

"ऐकतोय मी," दादा म्हणाला. "बोल."

"परवा सकाळी तू हॉस्पिटलात यायचंस. चाचणी मी घेणार नाही, दुसरी घेईल, आणि डॉक्टर जे सांगतील ते माझ्या तोंडून न ऐकता त्यांच्या तोंडून ऐकायचंस. आणि दादा, गाडी तू यापुढे चालवायची नाहीस."